जाड अक्षरांचं बॅनर: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

धान निघालं, दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, कुठे शंकरपट लागतो आणि रात्री नाटक होतं. गावचं मंडळ वडशाला जाऊन झाडीपट्टीची एखादी नाटक कंपनी ठरवतं आणि तिथून थेट फ्लेक्सच्या दुकानात येऊन उभं राहतं. येणारे चार जण असतात, मागण्या पाच असतात. कॉम्प्युटरसमोर नुकत्याच बसलेल्या ऑपरेटरसाठी हे मार्गदर्शन आहे. अनुभवी मंडळींनी वाचण्याची गरज नाही. त्यांना सगळं येतं, हे बॅनर बघून कळतंच.

पायरी १: फॉन्ट निवडा. दुकानात श्रीलिपीचे जुने फॉन्ट असतील. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर त्यांत चालत नाही. तो नव्याने टाइप करावा लागतो, म्हणजे चुकाही नव्याने करता येतात. ही सोय नको असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे दोन युनिकोड फॉन्ट उतरवून घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. पहिला ‘मोदक’. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेली ही अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की त्यांच्या पोटातली पांढरी जागा फटीएवढीच उरते. दुसरा ‘बालू’, म्हणजे ‘जंगल बुक’मधलं अस्वल. ती गोष्ट घडते सिवनीच्या जंगलात, आपल्या बालाघाटच्या पलीकडे. त्यामुळे हा फॉन्ट जवळजवळ शेजारचाच. लिपी बदलली की त्याचं नावही बदलतं: गुजरातीत ‘बालू भाई’, बंगालीत ‘बालू दा’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’.

पायरी २: ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून बघा. त्यातला र डोक्यावर रफार होऊन बसला तर टाइप करण्यात किंवा फॉन्टमध्ये गडबड आहे. वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, जोडाक्षरं फुटली, तर दोष तुमच्या जुन्या कोरलड्रॉचा. मग ल पाकळीचा आहे का आणि श शेंडीफोड्या आहे का, ते पाहा. हिंदी वळणाचा ल बालाघाटच्या पाहुण्यांना खटकणार नाही. अर्जुनी मोरगावच्या मास्तरांना खटकेल, आणि वर्गणी मास्तर देतात.

पायरी ३: अक्षर मोठं करा. “अजून मोठं करा ना जी,” असा आवाज येईलच. वाद घालू नका, अंतर विचारा. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा: दहा फुटांमागे एक इंच. चौकातून, म्हणजे पन्नास फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान ५ इंच हवं. देवनागरीत मात्रा-उकार असतात म्हणून थोडं जास्तच धरा.

पायरी ४: नाव कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून माउसने आडवं ओढू नका. ओढलं की उभे दंड फुगतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. फॉन्ट घडवणाऱ्याने दोन्हींचा तोल साधायला घातलेले महिने तुम्ही एका क्लिकमध्ये वाया घालवता. जागा उरली तर उरू द्या. उपाध्यक्ष ती भरायला सांगतील. ऐकू आलं नाही असं दाखवा.

पायरी ५: ‘कुंकू’ लिहा. झाडीपट्टीच्या नाटकांत कुंकू, सौभाग्य, मंगळसूत्र यांना तोटा नाही, त्यामुळे सरावही होईल. कुंकवाच्या डोक्यावर अनुस्वार आहे आणि पायाशी दोन उकार. जाड फॉन्टमध्ये हे उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर चढतात. म्हणून दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. एसटीत खिडकीची जागा धरणाऱ्याने कोपर बाहेर काढावं, तसा देवनागरीचा प्रत्येक उकार जागा मागतो. ती आधीच देऊन ठेवलेली बरी.

पायरी ६: पिवळं अक्षर, लाल पार्श्वभूमी, काळी किनार. हा मेळ बदलायच्या भानगडीत पडू नका, तो लांबून वाचता येतो. मात्र कोरलमध्ये किनार अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी आत जाते. ‘मोदक’च्या फटींभोवतीचं पिवळं अंग त्यात खाल्लं जातं आणि ठ व ढ हे वेगळे गोळे राहत नाहीत. आउटलाइनच्या खिडकीत ‘बिहाइंड फिल’वर खूण करा. किनार अक्षराच्या मागे जाईल आणि ढ पुन्हा ढ दिसेल.

पायरी ७: जाड फॉन्ट फक्त नाटकाच्या नावाला वापरा. कलावंतांची यादी, तिकिटाचे दर, स्थळ हे सगळं साध्या, सडपातळ फॉन्टमध्ये लावा. इथे चारही जण एकदम बोलतील: अध्यक्षांचं नाव जाड हवं, सचिवांचं त्याहून जाड, आणि शुभेच्छुकांचे सोळा फोटो. त्यांना शांतपणे समजवा की सगळेच ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाही. पटलं नाही तर शुभेच्छुकांसाठी वेगळं बॅनर सुचवा. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर असतात, तेव्हा मालकही तुमच्यावर खूश राहील.

छापण्याआधी गाव, तारीख आणि वेळ मंडळाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि सही घ्या. नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक भलत्याच रात्री येऊन बसले, तर रात्रभर तुमचंच नाव घेतील.