अंतरावर लक्ष द्या

रेल्वे अपंगांसाठी काही करत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा तिच्या सवलतीच्या प्रमाणपत्राचा नमुना वाचावा. कायमचं अपंगत्व असलेल्या माणसाचं प्रमाणपत्र पंचविशीपर्यंत ५ वर्षं चालतं, २६ ते ३५ या वयात १० वर्षं, आणि पस्तिशी ओलांडली की तहहयात. म्हणजे गेलेला पाय पुन्हा फुटेल ही आशा रेल्वे पस्तिसाव्या वर्षापर्यंत सोडत नाही. घरच्यांनी सोडलेली असते, डॉक्टरांनी सोडलेली असते, जयपूर फूट बसवणाऱ्यांनी तर केव्हाच. रेल्वे मात्र वाट बघते. गाड्यांच्या बाबतीत आपल्याला जी सवय तिने लावली, ती स्वतःही पाळते, हे मान्य करायला हवं.

सवलत कोणाला मिळते, हेही वाचण्यासारखं आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत ते अजून चारच आहेत. दिसत नसेल तर अजिबात दिसता कामा नये. थोडं अंधुक दिसत असेल तर तुम्ही डोळस. ऐकू येत नाही? चालेल, पण मग बोलताही येता कामा नये, दोन्ही उणिवा एकाच माणसात हव्यात. खिडकीवर जाऊन 'पुण्याचं एक द्या' म्हणालात की संपलं. हातापायाने अधू असाल, तर सोबत्याशिवाय प्रवास जमत नाही असं सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. एकट्याने हिंडायला शिकलेल्या अपंगाने पूर्ण भाडं भरावं आणि आपल्या जिद्दीबद्दल सत्कार स्वीकारावेत. पार्किन्सनवाल्यांचं नाव कायद्यात आहे, या यादीत नाही. त्यांनी हात न थरथरता पूर्ण पैसे मोजावेत.

चारांत बसलात तर सवलत भरघोस आहे. अंधांना आणि सोबत्याशिवाय न फिरू शकणाऱ्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के. आता प्रश्न उरतो तो गाडीत चढण्याचा.

रेल्वेच्या मापाप्रमाणे उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असतो. लांब पल्ल्याच्या डब्याची जमीन त्याच्याही सुमारे दीड फूट वर. तेवढ्यात लोखंडी पायरी, दोन दांडे आणि एक अरुंद दार. व्हीलचेअरवरच्या माणसाला मग दोघे उचलतात, एक काखेत हात घालून, दुसरा गुडघ्यांखाली. शर्ट वर सरकतो, एक चप्पल फलाटावर पडते, आणि मागून कोणीतरी म्हणतं, 'अहो आटपा, गाडी दोनच मिनिटं थांबते.' खुर्ची नंतर चढते, माणसापेक्षा जास्त सांभाळून, कारण ती कोणीतरी पैसे देऊन घेतलेली असते.

यावर तोडगा म्हणून खास डबा आहेच. रुंद दार, मोठं स्वच्छतागृह, धरायला दांडे. कागदावर त्याचं नाव एसएलआरडी. उलगडून सांगायचं तर सामान्य प्रवासी, लगेज, गार्ड आणि दिव्यांग असा चौघांचा संसार एका डब्यात. गार्डला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, लगेज मात्र लगेजच राहिलं. हा डबा गाडीच्या टोकाला असतो. २२ डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब, टोकाला बहुधा छप्पर नाही, लिफ्ट आणि पूल फलाटाच्या मधोमध. ज्याला चालता येत नाही त्याला सगळ्यात जास्त चालायला लावायचं, ही कल्पना कुणाची हे शोधून त्या माणसाला व्यायामाचा मास्तर नेमायला हवं. आणि पोहोचल्यावर बऱ्याचदा दाराला आतून कडी असते. ठोठावलं की आतून धडधाकट आवाज येतो, 'जागा नाही!'

मुंबईच्या लोकलमध्ये प्रगती आहे. अंध प्रवाशाला अपंगांचा डबा कुठे थांबणार ते कळावं म्हणून काही फलाटांवर बीप वाजते. ती ऐकून माणूस बरोबर दारासमोर उभा राहतो आणि आतल्या गर्दीला थडकतो. दारालगतच्या सीटवर एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले असतात. कुबडीवाल्याने हटकलं की एक डोळा उघडतो.

'दाखला आहे का?'

'पाठ धरलीय हो. आणि फक्त दादरपर्यंत.'

परळहून केमो घेऊन निघालेली बाई, जिला या डब्यात चढायची रीतसर मुभा आहे, ती उभीच. गृहस्थ सापडले तर रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली दंड ५०० रुपयांपर्यंत. लांबच्या उपनगरातून फर्स्ट क्लासचा महिन्याचा पास काढण्यापेक्षा हे परवडतं, आणि हा हिशेब गृहस्थांनी केलेला असतो.

आरक्षणाची कथा याहून सरस. जून २०१७ मध्ये नागपूरहून दिल्लीला निघालेल्या पॅरा टेबल टेनिसपटू सुवर्णा राज यांना गरीब रथमध्ये वरचा बर्थ मिळाला. त्या व्हीलचेअर वापरतात. विनंत्या वाया गेल्या आणि देशासाठी खेळलेल्या या बाईंनी रात्र डब्याच्या जमिनीवर काढली. मंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले. चौकशीचे आदेश आपल्याकडे नेहमी लोअर बर्थवर आरामात झोपतात. पुढे २०२३ मध्ये स्लीपरमध्ये अपंग आणि सोबत्यासाठी दोन लोअर, दोन मिडल बर्थ राखून ठेवले, हे चांगलं झालं आणि ते चांगलं म्हणायला या सदरालाही हरकत नाही.

खरं दुखणं पैशांचं नाही. रॅम्प बांधतं एक खातं, डबा दुसऱ्याचा, बर्थ तिसऱ्याचा, बीप चौथ्याची आणि घुसखोर उतरवणं पाचव्याचं. प्रत्येकाने आपलं काम पूर्ण केल्याचा फोटो फाइलला लावलेला असतो. रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं, कारण खांब सहाव्या खात्याचे. 'गाडी आणि फलाटामधील अंतरावर लक्ष द्या' असं रोज कर्ण्यावरून बजावणाऱ्यांनी खात्याखात्यांमधल्या अंतरावर कधी लक्ष दिलेलं नाही. अपंग प्रवासी नेमका तिथे अडकतो. दारापासून बर्थपर्यंत संपूर्ण प्रवासाला जबाबदार असा एक अधिकारी प्रत्येक मोठ्या स्थानकावर नेमा, त्याचा फोन नंबर तिकिटावर छापा, आणि महिन्यातून एकदा त्यालाच व्हीलचेअरवर बसवून टोकाच्या डब्यापर्यंत न्या. ढकलायला सहाही खात्यांचे प्रमुख.

सार्वजनिक जागा सुगम करा, अशी याचिका राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केली. ते स्वतः दृष्टिबाधित. सुगमतेच्या निकषांना 'मार्गदर्शक सूचना' म्हणून सोडून देता येणार नाही, सक्तीचे नियम करा, असं न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावलं आणि सरकारला त्यासाठी तीन महिने दिले. याचिकेला लागली १९ वर्षं. त्या मानाने आपल्या गाड्या वेळेवर धावतात.

नियम फलाटावर पोहोचेपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिला निविदा लागत नाही. हा मजकूर आपण अपंगांच्या डब्यात बसून वाचत असाल आणि खिशात दाखला नसेल, तर पुढच्या स्टेशनला उतरा. दादरची वाट बघू नका.