जर्मन ढग आणि वडाळ्याचा आषाढ

अग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं, कारण त्यात मुळात फारसं काही नव्हतंच. एक साधं भिंग, एकच वेग, एक खटका. मागे छोटी लाल खिडकी. चावी पिळत राहायचं आणि खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. १२० चा रोल, त्यात १२ चौकोनी फोटो. हा कॅमेरा बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. आणि बडोदा सयाजीरावांचं, म्हणून आमच्या घरी तो आपल्यातलाच. रोल कधीकधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’. कॅमेरा बडोद्याचा, रोल उटीचा आणि फोटोत वडाळ्याची आत्या! राष्ट्रीय एकात्मता इतक्या स्वस्तात सरकारलाही जमली नसेल.

उजेडासाठी दोन चित्रं होती, सूर्य आणि ढग. कॅमेरा कपाटातून निघायचा तो आषाढी एकादशीला, कात्रक रोडवरच्या विठ्ठल मंदिराच्या जत्रेत. बाबा मोठ्या विश्वासाने ढगावर सरकवायचे. पण कॅमेऱ्याचा मूळ आराखडा जर्मन, त्यामुळे ढगही जर्मनच: पांढरा, विरळ, शिस्तीत बाजूने निघून जाणारा. वडाळ्याचा आषाढातला ढग भर दुपारी दुकानांना दिवे लावायला लावतो. कालिदासाच्या यक्षाने ज्याच्याकडे निरोप दिला त्या जातीचा तो. तिकडच्या कारागिराला त्याची काय कल्पना? परिणामी आमच्या अल्बमात विठ्ठलच काय, अख्खी रांग सावळी आहे.

फोटो बिघडला तरी कॅमेऱ्याला कुणी बोल लावला नाही. “तू हललीस,” बाबा म्हणायचे. ज्या यंत्रात फिरवायलाच काही नाही, ते चालवणाऱ्याचं चुकेल कसं? स्वस्त कॅमेऱ्याचं खरं सुख ते हेच.

बाराच फोटो, म्हणून घरात प्रत्येकाची पायरी ठरलेली. जावयांना एकट्याचा फोटो, मुलांना घोळक्यात जागा, आणि शेजाऱ्यांना “रोल संपत आलाय हो.” तरीही जे हटायचे नाहीत त्यांच्यासाठी बाबांकडे खोटा खटका होता. चावी न पिळता, भिंगापुढे तळवा धरून नुसतं खट्‌. शेजारी खूश, रोल शाबूत. एकदा तळवा जरा सरकला. धुऊन आलेल्या फोटोत आत्या मंदिरापुढे उभी होती आणि तिच्या पोटातून समोरच्या खोलीतले काका हात जोडून बाहेर येत होते. काकांनी त्याची प्रत मागितली नाही. आत्याने मात्र निगेटिव्हच मागितली, फाडायला.

आता पुतणीने असाच एक जुना क्लिक मिळवलाय. तिच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, पण तिला “तो जुना फील” हवाय. रोलची आजची किंमत ऐकून बाबांनी चष्मा पुसला. चष्म्याने ऐकू येत नाही, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नव्हतं. तिने पहिला मान आत्याला दिला. आत्या आता थकलीय, पण कॅमेरा दिसताच पदर नीट झाला, मान तिरकी झाली, श्वाससुद्धा थांबला. खट्‌.

“बघू,” आत्या म्हणाली.

“आत्याआजी, असं लगेच नाही दिसत. रोल संपायला हवा, मग धुवायला टाकायचा. पंधरा दिवस तरी जातील.”

“बरंय की,” आत्या म्हणाली. “पंधरा दिवस तरी मी छान आलेय.”