ग्रुपवरची लोकशाही

शहरी मतदाराला उदासीन म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहावा. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळू नये, म्हणून निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला होता. त्याची काही गरज नव्हती. ‘आधी मतदान, मग जलपान’ हा संदेश पहाटेपासून प्रत्येकाने प्रत्येकाला पाठवला. काहींनी तर लोणावळ्याहून. एवढी जागृती होऊनही कुलाब्यात निम्म्याहून अधिक मतदार केंद्रावर पोचले नाहीत, हा दोष केंद्रांचा. ती ग्रुपवर नव्हती.

तेव्हा आयोगाने आता दोन निळ्या टिका हीच मतदानाची पोच मानावी, ॲडमिनला निवडणूक निर्णय अधिकारी नेमावं आणि ग्रुप सोडून जाणाऱ्याचं डिपॉझिट जप्त करावं.

शाई लावलेल्या बोटाच्या सेल्फीलाही कायदेशीर मान्यता मिळायला हवी. १९६२पासून वापरात असलेली म्हैसूरची ती सरकारी शाई काही आठवड्यांत नखाबरोबर वाढून निघून जाते. आमच्या सचिवांच्या फोटोतली मात्र २०१४पासून टिकून आहे.