तीस की पन्नास?

अमेरिकेतल्या कुठल्याही आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, गाडी लावून तुम्ही खाली उतरा, शेजारच्या प्लॉटवरून एक गृहस्थ कॉफीचा मग घेऊन येणारच. वय पासष्टीपुढचं, हाफ पँट, पांढरे मोजे, डोक्याला टोपी. नाव-गाव मागाहून, पहिला प्रश्न, "तीस की पन्नास?"

हे अँपिअर. तीसवाल्याच्या वाट्याला ३,६०० वॉट येतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की अंधार. पन्नासवाल्याला १२,०००. आपण 'तीस' म्हटलं की मुलाला स्वतःचं घर नाही हे कळल्यावर वधूपित्याच्या चेहऱ्यावर उमटते, तशी सहानुभूती समोर उमटते.

या जातीचा अस्सल नमुना आम्हाला वॉशिंग्टनजवळ, मेरीलँडमधल्या चेरी हिल पार्कात भेटला. आम्ही त्यांना आपसात काका म्हणू लागलो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. काकांचं चांगलं बसएवढं होतं, आणि मागे मोटारही जोडलेली. हा सगळा लवाजमा राजधानी बघायला आलेला.

पण राजधानीला वेळ कुठला? सकाळी आधी पाणसळ लावून गाडी सपाट उभी आहे ना, ते बघायचं. तिरकी राहिली तर फ्रीज रुसतो. मग नळाचा दाब तपासायचा. मग टाक्या. संडासाची काळी, आंघोळीची नि भांड्यांची राखाडी. "आधी काळी, मग राखाडी!" काका बोट उगारून बजावतात. म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पाइपच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो बसवलेला. रबरी हातमोजे घालून काका त्यात वाकून बघत राहतात. पाणी रंग बदलत बदलत नितळ झालं की कंबरेवर हात ठेवून सरळ होतात आणि आजूबाजूला पाहतात, कोणी बघितलं का म्हणून.

काकू मात्र सकाळीच बस धरून मेट्रो स्टेशन गाठतात आणि ग्रीन लाइनने शहरात जातात. लिंकन मेमोरियल झालं, स्मिथसोनियनची फुकटातली म्युझियमं झाली. संध्याकाळी परत आल्यावर त्या विचारतात, "तुम्ही काय केलंत?"

"ऑनिंग गुंडाळलं. वारा सुटला होता."

एकदाच काका बाहेर पडले. विमानांचं म्युझियम म्हणून काकूंनी त्यांना व्हर्जिनियात शँटिलीच्या उडवार-हेझी सेंटरला नेलं. 'डिस्कव्हरी' स्पेस शटलसमोरून काका सरळ पुढे गेले आणि एका चंदेरी डब्याशी थबकले. चाकं काढलेला एअरस्ट्रीम ट्रेलर! १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्सना जंतूंच्या धास्तीने यातच कोंडलं होतं, आणि अध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलले होते. गाइडने हे सगळं रंगवून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळी टाकी कुठे रिकामी केली?"

गाइडची बोलती बंद. परतल्यावर काका पार्कभर सांगत सुटले, "चंद्रावर गेले खरे, पण उतरले शेवटी आरव्हीतच!"

आता पुढचा मुक्काम न्यूयॉर्क. प्रोपेनची टाकी बरोबर असली की शहरात शिरायचे लिंकन आणि हॉलंड हे दोन्ही बोगदे बंद. तेव्हा हडसनच्या अलीकडे, न्यू जर्सीतच थांबायचं, हे काकांनी नकाशा पसरून पक्कं केलंय.

"तिथे काय काय बघणार?" आम्ही विचारलं.

"प्लॉट पन्नासचा आहे," काका खुलले. "वर झाडाची फांदी नाही, सिवर अगदी हाताशी..."

"मला विचारा," काकू म्हणाल्या. "ब्रॉडवेच्या नाटकाचं तिकीट काढलंय. एकच."