सगळं आमच्याकडेच पाठवा: राउट अ‍ॅग्रिगेशनचे पहिले धडे

देवनार-गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनीअर म्हणून चिकटला असाल, तर अभिनंदन. पगाराचा आकडा कळला, सहानुभूती आहे. आता राउट अ‍ॅग्रिगेशन शिकून घ्या, कारण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी साहेब "टेबल फार वाढलंय, जरा समराइज करून टाक" एवढं बोलून जेवायला निघून जाणार आहेत.

घाबरू नका. देवनारकर असाल तर हे काम तुम्ही लहानपणापासून करताय. स्थळ बघायला आलेली मंडळी पत्ता विचारतात तेव्हा आपण काय सांगतो? चेंबूर. देवनार म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे डम्पिंग ग्राउंड आणि १९७१ सालचा कत्तलखाना उभा राहतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही इथेच आहे, हे त्याच्या गळी उतरवेपर्यंत चहा निवतो. चेंबूर म्हटलं की विषय मिटला. आतले बारीकसारीक पत्ते झाकायचे आणि बाहेर एकच मोठं, सोज्वळ नाव जाहीर करायचं. अ‍ॅग्रिगेशन ते हेच. बाकीचा तपशील आहे.

१. आधी इतिहास पाठ करा. मीटिंगमध्ये वेळ काढायला बरा पडतो. आपल्याकडे ही कल्पना पोस्टाने १५ ऑगस्ट १९७२ला आणली. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड बसवला. कोलकात्यात पत्रं लावणाऱ्या माणसाला देवनारची गल्ली माहीत असायची गरज उरली नाही. ४०००८८ मधला पहिला ४ दिसला की पत्र पश्चिमेकडे टाकायचं, पुढचं पुढचे बघतील. शिवाय ४०० मुंबई, ४०१ आणि ४०२ही महाराष्ट्रातच, पण ४०३ मात्र गोवा. म्हणजे जास्त आकडे जिथे जुळतात, तो पत्ता खरा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे सगळी वाट याच नियमाने लागणार आहे.

इंटरनेटला हे शहाणपण १९९३ला सुचलं. तोवर पत्ते ए, बी, सी अशा तीन ठरावीक मापांत वाटले जायचे. बी संपत आले, आणि सीच्या ढिगाऱ्याने राउटरांची मेमरी भरत चालली. मग सीआयडीआर आलं: कितीही बिटांवर रेघ मारा, शेजारशेजारचे पत्ते एका ओळीत बांधा, जगाला ती एकच ओळ सांगा. जगाने माना डोलावल्या. पाळलं किती, ते सहाव्या धड्यात.

२. पत्ते वाटताना विचार करू नका. समजा देवनार, गोवंडी, शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या चार ठिकाणी १०.८८.४.० ते १०.८८.७.० अशी चार /२४ नेटवर्क दिलीत. चारांची पहिली २२ बिटं तंतोतंत सारखी, त्यामुळे १०.८८.४.०/२२ या एका ओळीत सगळं बसतं. ना कमी, ना जास्त. यात शिकण्यासारखं काहीच नाही.

म्हणून पाचपासून सुरुवात करा: ५, ६, ७, ८. नेटवर्कं चारच, पण आठाशी बायनरीत मोठी उडी आहे. चारही झाकणारी लहानात लहान ओळ आता १०.८८.०.०/२० होते, आणि तिच्या पोटात सोळा नेटवर्कं असतात. बारा तुमची नाहीत, तरी ती आमच्याकडेच आहेत असं तुम्ही घाटकोपरच्या कोअर राउटरला छातीठोक सांगितलंत. त्यातलं १०.८८.१२.० मुलुंडला दिलंय म्हणता? असू दे. टेबलातल्या चार ओळींची एक झाली ना, साहेब खूश.

३. नल राउट टाकायचा विसरा. हा धडा सावकाश वाचा.

मुलुंडवाले आपली /२४ स्वतः जाहीर करत असतात. जास्त बिटं जुळणारी ओळ जिंकते, त्यामुळे तुमच्या /२०चा खोटेपणा महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग एका दुपारी मुलुंडला जेसीबी फायबर उचकटतो. मुलुंडची ओळ टेबलातून गळते, मुलुंडसाठी येणारी पॅकेट्स घाटकोपरला पोचतात, आणि कोअर राउटर पाहतो तर १०.८८.१२.० अजून देवनारच्या /२०मध्ये दिसतंय. पाठवलं देवनारला. देवनारचा राउटर शोधतो: १२ आपल्याकडे नाही. मग डिफॉल्ट राउट. डिफॉल्ट कुठे? घाटकोपरला.

आता ट्रेसराउट लावा आणि मजा बघा. घाटकोपर-कोअर, देवनार-१, घाटकोपर-कोअर, देवनार-१, एकाखाली एक, थेट तिसाव्या ओळीपर्यंत. तिथे ट्रेसराउटच दमून थांबतो. पॅकेट मात्र टीटीएल शून्य होईपर्यंत येरझाऱ्या घालतं. एकेक पॅकेट तीच लिंक डझनावारी वेळा ओलांडतं, लिंक भरते, आणि केबल तुटली मुलुंडची तरी क्रिकेटची मॅच अडकते आपल्याकडे लोटस कॉलनीत. मुलुंडच्या गिऱ्हाइकाचं वेगळं काही बिघडत नाही, त्याचं आधीच बंद होतं.

उपाय एका ओळीचा आहे: तीच /२० देवनारच्या राउटरवर नल झीरोकडे वळवायची, म्हणजे जे आपलं नाही ते तिथल्या तिथे केराच्या टोपलीत. ईआयजीआरपीत समरी लावली की राउटर ही ओळ न सांगता स्वतः टाकतो. म्हणून खरी गंमत हवी असेल तर हाताने स्टॅटिक लिहा आणि पुढे रेटा.

४. हिरव्या दिव्यावर श्रद्धा ठेवा. अ‍ॅग्रिगेशनचा एक गुण पुस्तकं फार वाखाणतात: आतली एखादी लिंक खाली-वर झाली तरी बाहेर कळत नाही, बाकीच्या राउटरांना पुन्हा गणितं मांडावी लागत नाहीत. खरंच मोठा गुण आहे. बैंगनवाडीची लिंक पहिल्याच पावसात झोपली, तरी चारांपैकी एक भाग जिवंत असेपर्यंत तुमची समरी ताठ मानेने जाहीर होत राहते. गिऱ्हाइकाचा फोन आला की स्क्रीनकडे बघून सांगा, "दादा, आमच्याकडून तर लाइन क्लिअर दिसतेय. राउटर एकदा बंद-चालू करून बघा ना." तुम्ही खोटं बोलत नाही आहात. कोअरला खरंच सगळं क्लिअर दिसतंय. बैंगनवाडीची पॅकेट्स देवनारपर्यंत अगदी वेळेवर येतात आणि तिथे मरतात.

५. जुना राउटर भंगारातून मिळाला तर त्याच जुन्या ए-बी-सी मापांत ओळी बांधणारी ऑटो-समरी चालूच ठेवा. मधली लिंक १७२.१६ची आणि दोन्ही टोकांना १०चे तुकडे अशी रचना करा, की देवनारही म्हणेल "१० सगळं माझं" आणि मुलुंडही. मधला राउटर बिचारा निम्मी पॅकेट्स इकडे वाटतो, निम्मी तिकडे. पिंग एक लागतो, एक पडतो. दोष नेहमी वाय-फायला द्या.

६. बाहेरच्या जगाला मात्र सगळं सुटं विका. इथवर आपण ओळी बांधल्या; सार्वजनिक पत्ते बीजीपीतून जाहीर करताना नेमकं उलट करायचं. पदरात एक /२२ आहे? एका ओळीत काम भागेल. तुम्ही ती /२२ आणि तिच्या पोटातल्या चारही /२४, अशा पाच ओळी जाहीर करा. तुमचा खर्च शून्य. पूर्ण टेबल ठेवणारा जगातला प्रत्येक राउटर त्या पाच ओळी सांभाळतो. /२४हून बारीक चुरा बहुतेक कंपन्या घेत नाहीत, नाहीतर आपण तोही विकला असता.

कुणी हटकलंच तर "सुरक्षा" म्हणा. यात तथ्य आहे, हीच तर पंचाईत. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशात बंद करायचं होतं. यूट्यूबची जाहीर ओळ /२२ होती. पाकिस्तान टेलिकॉमने तिच्या आतली एक /२४ आपली म्हणून सांगितली, ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूमार्गे जगभर पसरली, आणि दोन तासांहून अधिक काळ यूट्यूबची वाट पाकिस्तानकडे वळली. जास्त बिटं जुळली, बस्स. यूट्यूबने प्रत्युत्तरात आधी तीच /२४ आणि मग दोन /२५ जाहीर केल्या. नीटनेटकी /२२ ठेवणाऱ्याचं हे असं होतं, असं साहेबांना सांगून तुमचे तुकडे मंजूर करून घ्या.

१२ ऑगस्ट २०१४ची आठवण कुणी काढली तर विषय बदला. त्या दिवशी टेबल ५१२ हजारांची रेघ ओलांडून गेलं आणि तेवढ्याच जागेचे जुने राउटर जगभर लटपटले. आता आकडा १० लाखांच्या घरात आहे, आणि त्यात तुमचेही चार दाणे आहेत.

बांधता येण्यासारख्या ओळी कुणी किती सुट्या सोडल्यात याची यादी छापणारा सीआयडीआर रिपोर्ट नावाचा अहवाल वर्षानुवर्षं निघत आला आहे. त्यात पहिल्या तिसांत आपली कंपनी झळकली, तर स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाका. वरचा मथळा कापायला विसरू नका. साहेब अभिनंदनाचे हात जोडतील, आणि अप्रेझल जवळ आलं असेल तर तोच फोटो पुन्हा कामाला येतो.