४००० व्होल्टांचा मोह

मल्टिमीटर हातात आला की चांगला शहाणा माणूसही 'सप्लाय येतोय का बघू' असं खर्जात बोलू लागतो. मी या जमातीचा सभासद आहे, म्हणून अधिकाराने सांगतो: ताटली फिरते, दिवा लागतो, पण वरण गार ते गारच, अशा वेळी आम्हाला मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्त करायचा नसतो, आपण हाय व्होल्टेज मोजलं हे चारचौघांत सांगायचं असतं. माझं म्हणणं एवढंच, की या दुरुस्तीत ते मोजायची गरजच पडत नाही. जड ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये २३० व्होल्टांचे साधारण २००० होतात आणि कपॅसिटर व डायोड मिळून लहरी काढणाऱ्या मॅग्नेट्रॉनला ४०००च्या आसपास पोचवतात. घरगुती मीटरची झेप ६०० ते १०००. म्हणजे ज्या आकड्यासाठी जीव धोक्यात घालायचा, तो दिसण्याआधी मीटरच राम म्हणणार. उलट प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून, वायरी सोडवल्या की हवं ते मुकाट कळतं: मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट एका ओहमच्या आत हवा, फिलामेंट आणि बॉडी यांचा मात्र काडीचाही संबंध नको. यात पराक्रम शून्य, हीच आमची अडचण.

यावर जाणकार म्हणतील, डायोडचं काय? तो अशा तपासणीला दाद देत नाही. खरं आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण हा डायोड माझा लाडका आहे. साधा डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टात वाट देतो. याच्या पोटात मात्र तसे अनेक एकामागून एक बसवलेले असतात, त्यामुळे मीटरच्या दोन-तीन व्होल्टांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. फाइलवर पुरेसं वजन पडल्याशिवाय मान वर न करणारा कारकूनच तो. उत्साही मंडळी 'दोन्हीकडून ओपन' असा पंचनामा करून धडधाकट डायोड फेकतात, नवा आणतात, तोही 'ओपन' निघतो, आणि मग दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. वास्तविक सुटा डायोड, १२ व्होल्टांचा सप्लाय, मध्ये एक रेझिस्टर आणि मीटर, एवढ्यावर काम भागतं. एका दिशेने हो, दुसऱ्या दिशेने नाही, म्हणजे गडी ठणठणीत. दोन्हीकडे 'हो' म्हणणारा कारकून आणि डायोड, दोघेही कामातून गेले समजावेत.

'प्लग काढल्यावर कसली भीती?' हा दुसरा आक्षेप, आणि इथे थट्टा थांबवावी लागते. प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्याच्या आतला रेझिस्टर शाबूत असेल तर मिनिटभरात तो रिकामा होतो. रेझिस्टर तुटला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि पहिली चूक शेवटची ठरू शकते. म्हणूनच मला चीड येते ती मेकॅनिकशी होणाऱ्या घासाघिशीची. 'चार स्क्रू उघडले, एक पार्ट बदलला, याचे एवढे?' असं आपण विचारतो. पण ते पैसे स्क्रूचे नसतात. कपॅसिटर रिकामा असेल असं कधीच गृहीत न धरण्याच्या सवयीचे असतात, आणि ती सवय कुठल्याही दुकानात सुटी मिळत नाही. तरीही ज्याचे हात शिवशिवतात त्याने टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलावेत. तिथे दीड-दीड व्होल्टांचाच मामला, आणि यशाची खात्रीही मोठी.