नंबर तोच ना?

भेटल्यावर माणसं "काय, बरं आहे ना?" असं विचारतात. नाना विचारतो, "नंबर तोच ना?" लग्नात विचारतो, वैकुंठ स्मशानभूमीत विचारतो, दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस धरून बसलेल्या माणसालाही विचारतो. 'तोच' म्हणून मान हलवली की त्याचा चेहरा जरा उतरतो. 'बदलला' म्हटलं की डोळे चमकतात, फोन बाहेर निघतो आणि तुमचा जुना नंबर तो तुमच्यादेखत पुसतो. पुसून झाल्यावर म्हणतो, "हं, बोला." तोवर आपल्याला काय बोलायचं होतं तेच आठवत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एकजण असणारच. साडीवाले, क्लासवाले, बिल्डर, आंबेवाले, दिवाळी अंकवाले यांच्या ग्राहकांच्या याद्या साफ करून देणारा. खरं नाव सांगत नाही. ते त्याच्याकडेच चार स्पेलिंगांत आहे आणि कुठलं ठेवायचं याचा निकाल लागायचाय. कार्डावर 'डेटा सोल्युशन्स' असं काहीतरी छापलेलं, आणि ऑफिस म्हणजे शनिपाराजवळच्या वाड्यातली माडीवरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, फोन लावत बसलेल्या दोन मुली आणि भिंतीवर एक फोटो. देवाचा नव्हे, श्रीराम भिकाजी वेलणकरांचा. टपाल खात्यातला हा संस्कृत पंडित. देशाला पिनकोड मिळाला तो त्यांच्यामुळे, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. दर स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन उरकलं की नाना या फोटोला हार घालतो. त्याच्या मते देश १९४७ साली स्वतंत्र झाला खरा, पण पत्त्यावर आला तो १९७२ साली.

पिनकोडपुढे त्याला माणसाचा शब्द खोटा. 'मु. पो. वडगाव' असं कुणी लिहिलं की तो कळवळतो. कुठलं वडगाव? बुद्रुक, खुर्द, शेरी की मावळ? सदाशिव पेठेचा ४११०३० तो झोपेतही सांगेल. सांगलीच्या ४१६४१६ वर मात्र त्याचा हात थबकतो. यातला अर्धा डुप्लिकेट आहे, उडवावा का, असं त्याला दर वेळी वाटतं. आणि गावांची नावं बदलली तेव्हापासून तर विचारू नका. एकाच यादीत औरंगाबाद, संभाजीनगर आणि छ. संभाजीनगर. धाराशिव वेगळं, उस्मानाबाद वेगळं. अहमदनगर, नगर, अहिल्यानगर, आणि एका भाविकाने लिहिलेलं 'शिर्डीच्या अलीकडे'. नामांतर सरकारने एकदा केलं; नानाला ते रोज करावं लागतं.

कच्चा माल कसा येतो ते एकदा बघण्यासारखं आहे. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉची कुपनं पोत्यात भरून येतात. त्यात नवापासून शून्यापर्यंत ओळीने उतरत जाणारा एक नंबर हमखास असतो. नानाच्या हिशेबाने या एका नंबराच्या माणसाने महाराष्ट्रात सगळ्यात जास्त साड्या, फ्लॅट आणि वॉटर प्युरिफायर यांत रस दाखवलाय. जुन्या दुकानांच्या वह्या येतात, त्यांत पुण्याचा एसटीडी कोड ०२१२ असतानाचे फोन. काही दुकानदार सरळ स्वतःच्या मोबाइलमधली यादीच काढून देतात. तिच्यात 'सारिका ब्लाऊज', 'दूधवाला जुना उचलू नये' आणि 'पाटील उधारी' अशी माणसं राहतात. एका व्यापाऱ्याने घाईत ती नानाला न दाखवताच वापरली आणि पाडव्याला भल्या सकाळी एका सद्गृहस्थांना निरोप गेला : 'प्रिय पाटील उधारी, आपणांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' उधारी दुपारपर्यंत मिटली. तेव्हापासून तो व्यापारी नानाचं ऐकत नाही.

एक्सेल हे त्याचं दुसरं दुखणं. पुढे ९१ लावलेला बाराआकडी नंबर दिसला की एक्सेल त्याचं ९.१९ई+११ असं काहीतरी करून मोकळं होतं. तशीच फाइल सीएसव्हीत सेव्ह केली की संपलं. सगळ्या ग्राहकांच्या शेवटी नुसती शून्यं. "हिमालयातले ऋषीसुद्धा इतके एकरूप होत नाहीत," नाना म्हणतो. ईमेलची तऱ्हा आणखी वेगळी. कुणी जीमेलचं 'जीमिअल' करतं, कुणी डॉट कॉमचं डॉट कॉन. त्यात जीमेल नावातली टिंबं मोजतच नाही. टिंब देऊन लिहा, न देता लिहा, पत्र एकाच पेटीत पडतं. म्हणजे यादीत चार ग्राहक आणि प्रत्यक्षात चार वेळा तीच जाहिरात वाचून वैतागलेला एकच.

आणि आपली नावं! शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बँकेत नंतर, लग्नपत्रिकेत 'चि.' लावून. 'कुलकर्णी सुहास', 'सुहास कुळकर्णी', 'एस. व्ही. कुलकर्णी' आणि 'कुलकर्णी काका वरचे' हे चौघे एक की चार, हे यंत्राला कळत नाही. मग नाना स्वतः फोन लावतो आणि अत्यंत आदराने विचारतो, "साहेब, तुम्ही एकच आहात का?" त्यावर लोक काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो शांतपणे पुढचा प्रश्न टाकतो, "नंबर तोच ना?" ज्या नंबरावर बोलणं चाललंय, त्याच नंबराबद्दल.

घरात हा धंदा आणू नये, पण मुलीच्या लग्नात आमंत्रितांची यादी त्याने हातात घेतली. तांदूळ निवडावेत तशी निवडली. एक आडनाव, एक पत्ता, म्हणजे एक घर, म्हणजे एक पत्रिका, हा त्याचा व्यवसायातला नियम. त्या नियमात वहिनींच्या दोन मावश्या सापडल्या. सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या, एकाच बंगल्यात वर-खाली. पत्रिका खालच्या मावशीला गेली. वरच्या मावशीने लग्नाचं तोंड पाहिलं नाही, आणि वहिनी आजतागायत माहेरी गेल्या की ऐकून येतात. लग्नात व्याही पहिल्यांदाच भेटत होते. नानाने त्यांना मिठी मारली आणि कानात विचारलं. काय विचारलं ते वेगळं सांगायला नको.

चिडवायला हे सगळं ठीक आहे. पण त्याच्या धंद्याची एक गोष्ट मला नंतर उमगली. या शहरात प्रत्येकाला सगळं वाढवून हवंय आणि हा पैसे घेऊन कमी करून देतो. ग्राहक चाळीस हजारांची यादी घेऊन येतो आणि तेवीस हजारांची घेऊन जातो. "नाना, माझे सतरा हजार कुठे गेले?" "ते नव्हतेच." हे दोन शब्द ऐकायला कोण पैसे देईल? नाना समजावतो : हे बंद, हे दुबार, यांनी १९०९ वर कळवून जाहिराती थांबवल्यात. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८चे नियम सांगतो : एसएमएस पाठवायचा तर आधी डीएलटी या प्रणालीवर नोंदणी, हेडर, मजकुराचा नमुना मंजूर. ग्राहक सगळं ऐकतो आणि समोरच्या गल्लीत जातो. तिथे एकजण 'पुण्यातले सगळे डॉक्टर', 'नवीन फ्लॅटवाले', 'दहावीचे पालक' अशा याद्या पेनड्राइव्हवर विकतो. त्याची यादी कधी कमी होत नाही. त्याने नुकतीच दुसरी गाडी घेतली. २०२३ साली व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तेव्हा नानाने पेढे वाटले होते. आलेल्या प्रत्येकाने पेढा खाऊन एकच विचारलं, "हे आपल्याला नाही ना लागू?"

'नंबर तोच ना' मागचं कारणही त्याने एकदा, मी फारच खवचटपणा केल्यावर, सांगितलं. बंद झालेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस बाजूला ठेवतात, मग दुसऱ्याला देतात. यादीत नाव जुन्या माणसाचं राहतं आणि फोन उचलतं भलतंच कुणी. "एका मुलाला पहिला मोबाइल मिळाला, आणि पहिला मेसेज काय आला? गुडघे बदलून घ्या, ज्येष्ठांना सवलत. हे कुणीतरी थांबवायला नको?"

आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा गेले, त्या वर्षीचं सांगतो. त्यांच्या वाढदिवशी काकूंच्या फोनवर सराफाचा निरोप आला : 'प्रिय अण्णासाहेब, जन्मदिनाच्या शुभेच्छा. आजच सपत्नीक या, घडणावळीत सूट.' मग चष्मेवाल्याचा. मग आंबेवाल्याचा. नानाला कळलं. स्कूटर काढून तो एकेका दुकानात गेला, त्यांच्या मशीनवर बसून अण्णांचं नाव काढून आला, एक पैसा न घेता. कुणाला बोललाही नाही. चष्मेवाल्याने सांगितलं म्हणून मला कळलं.

पुढच्या वर्षी तो दिवस निरोपाविना गेला. दोन दिवसांनी काकू चाचरत नानाकडे आल्या. म्हणाल्या, "त्या सराफाचा मेसेज नाही रे आला यंदा. बाकी कुणाला त्यांचा वाढदिवस आठवत नाही. काही करता येईल का?"

चुकीची ओळ कुठल्याही यादीत राहू नये म्हणून व्याह्यांपासून मावशीपर्यंत सगळ्यांशी वाकडं घेतलेला हा माणूस. तो दुसऱ्या दिवशी सराफाकडे गेला आणि अण्णांचं नाव, जन्मतारीख, पिनकोडसकट, स्वतःच्या हाताने परत भरून आला. सराफ खूश झाला. नाना आला आणि यादी वाढली, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याने चहा मागवला आणि विचारलं, "नाना, असे आणखी आहेत का हो तुमच्याकडे?"